मास्टरची अर्धी बारी

लगनसराई पुन्हा लागली आहे. परवा दुपारी घरासमोरून एक वरात गेली. पुढे ट्रॉलीवर रचलेले भोंगे, मागे तीस-चाळीस पोरं आणि त्यांच्यामागे घोड्यावर घामाने निथळणारा नवरदेव. खिडकीच्या काचा थरथरल्या, ओट्यावरचं कुत्रं उठून गल्लीत गेलं. गाणं कोणतं होतं ते ओळखता आलं नाही. तासाभराने त्याच रस्त्याने दुसरी वरात आली. हिच्यापुढे बँड होता, अकरा माणसांचा. लाल कोट, त्यांवर मळलेली सोनेरी फीत. सर्वांत पुढे सत्तरीच्या आसपासचा एक माणूस, हातात क्लॅरिनेट. एका ठिकाणी त्याने वाद्य डाव्या हातात घेतलं, उजवा हात वर केला आणि तळवा स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मागची दहाही माणसं एकदम गाण्याच्या मुखड्यावर आली.

रस्त्यावरच्या कोणाला यात काही वेगळं दिसलं नसेल. मे महिन्याच्या उन्हात चालणारा म्हातारा डोक्यावर हात ठेवणारच. पण तो हात मुंबईतल्या एका नाइट क्लबमधून इथे आलेला आहे. कसा आला, ते मला एका उन्हाळ्यात कळलं.

वाशीम तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. पाट्या नव्या होत्या, कार्यालयं जुन्याच इमारतींत होती. मी एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून रुजू झालो आणि कापसाच्या एका बंद गोदामावरची खोली भाड्याने घेतली. घरमालकाने एक गोष्ट सांगितली नव्हती. खालच्या गोदामात रोज सकाळी सहा ते आठ करीम मास्टरांच्या बँडचा सराव चाले. पहिल्या सकाळी मी दचकून उठलो. आठवड्याभरात सवय झाली. पुढे असं झालं, की सराव नसला की जाग उशिरा येई.

त्या सकाळी अजून नाकात आहेत. अंगणातल्या कडुलिंबाचा फुलोरा, चिंचेच्या कोळाने घासलेलं पितळ, जुन्या सरकीचा तेलकट वास. नऊ वाजता ऊन गोदामाच्या पत्र्यावर चढे आणि पत्रा तडतडू लागे; त्याच्या आत जे काही वाजवायचं ते वाजवून घ्यावं लागे. मी चहाचा पेला घेऊन जिन्यावर बसत असे. मास्टर एका उलट्या घमेल्यावर बसत. मेंदीने लाल केलेले केस, पांढरा पायजमा, मांडीवर कॉर्नेट, आखूड तुतारीसारखं पितळी वाद्य. बँडची टोपी ते कधीच घालत नसत. टोपी घातली तर डोक्यावरचा हात मागच्यांना नीट दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मास्टर मूळचे कारंज्याचे. वडिलांचाही लग्नाचा बँड होता. विशीच्या आत असताना गावात सर्कस आली, सर्कशीचा कॉर्नेटवाला आजारी पडला आणि हे त्याच्या जागी उभे राहिले ते सर्कशीबरोबरच गेले. सर्कस मुंबईत मोडली. मग समुद्राजवळच्या एका नाइट क्लबमध्ये सहा जणांच्या जाझ बँडला दुसरा कॉर्नेटवाला हवा होता, तिथे ते शिरले. ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. बँडचा म्होरक्या गोव्याचा. त्याचं नाव मास्टर कायम ‘फेलिक्ससाब’ असं घेत.

त्यांची बोली वऱ्हाडी आणि हिंदी यांच्या मधल्या वाटेवरची होती. “लाकडाची जमीन, वार्ताहरसाब. आरशावानी. अन् तिच्यावर पावडर टाकत, तोंडाले लावतो ना, तशी. नाचनाऱ्यायचे पाय घसरले पाहिजे म्हून. आपल्या इथं मानूस घसरू नये म्हून रस्त्यावर माती टाकतो. तिथं घसराव म्हून पावडर!”

बँडवाल्यांना काळा कोट, गळ्याला काळी फुलपाखरी गाठ, आणि आत जायला स्वयंपाकघराचं दार. लोण्यात तळलेल्या मासळीचा वास ओलांडून गेलं की एकदम झुंबरं. लोक जेवत, बोलत, एकमेकांच्या कमरेला हात घालून फिरत. वाजवणाऱ्यांकडे फारसं कोणी पाहत नसे.

“मग तुम्ही वाजवत कोणासाठी?” मी एकदा विचारलं.

“पाच जन ऐकत होते ना,” मास्टर म्हणाले. “आपलेच. सहावा वाजवे, पाच ऐकत. त्याले बारी म्हनतात.”

बारी हा शब्द अर्थात त्यांचा. फेलिक्ससाब वेगळंच काही म्हणत असणार. पद्धत मात्र मास्टरांनी इतक्या वेळा सांगितली की मला पाठ झाली. आधी सगळे मिळून मुखडा वाजवतात. कॉर्नेट चाल धरून चालतं, क्लॅरिनेट तिच्या वरून पळतं, जाड आवाजाचा ट्रॉम्बोन खालून हुंकार भरतो. तिघे एकाच वेळी बोलतात, पण भांडण होत नाही. मग एकेकाची बारी येते. ज्याची बारी असेल त्याने चाल सोडून स्वतःचं काही सांगायचं. बाकीच्यांनी आवाज खाली घेऊन फक्त ठेका धरायचा. त्याचं सांगून झालं की म्होरक्या डोक्यावर हात ठेवतो, आणि सगळे मुखड्यावर परत येतात. हात डोक्यावर गेल्याशिवाय कोणीही परत यायचं नाही. हा नियम होता, आणि त्याला अपवाद नव्हता.

क्लबमधल्या पहिल्याच संध्याकाळी करीम या पोराची बारी आली. चार सूर लागले आणि पाचवा लागेना. श्वास गेला, बोटं थिजली. त्याने घाबरून फेलिक्ससाबांकडे पाहिलं. आता हात डोक्यावर जाईल, सगळे मुखड्यावर येतील आणि आपली लाज झाकली जाईल, अशी त्याची अपेक्षा होती. साहेबाने हात मांडीवरच ठेवला. पियानोवाला आणि ड्रमवाला नुसता ठेका देत राहिले. समोर जोडपी त्या नुसत्या ठेक्यावर फिरत राहिली. त्यांना फरकही कळला नाही. किती वेळ गेला ते मास्टर दर वेळी वेगळं सांगत. मग श्वास परत आला आणि पोराने बारी पुरी केली. तेव्हा कुठे साहेबाचा हात डोक्यावर गेला.

“नंतर काय म्हणाले?”

“काई नाई. जेवताना मासोळीचा मोठा तुकडा माह्या ताटात टाकला.”

काही वर्षांनी क्लबने बँड बंद केला. साथीदार सिनेमाच्या स्टुडिओंत गेले. तिथे कागदावरचे सूर वाचावे लागत, आणि मास्टरांना ते येत नव्हतं. ते कॉर्नेट आणि फेल्टची एक हॅट घेऊन कारंज्याला परतले, आणि पुढे वाशीमला येऊन बँड उभा केला. हॅट डोक्यावर घालायची नव्हती. कॉर्नेटच्या तोंडापुढे धरून हलवली की सूर माणसासारखा रडतो किंवा हसतो. हॅट वाळवीने खाल्ली. मग मास्टरांनी नारळाची करवंटी घासून तिला भोक पाडलं आणि काम भागवलं. धनजच्या एका लग्नात मी ती करवंटी पहिल्यांदा ऐकली. नवरीकडच्या म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, कारण कॉर्नेट हुबेहूब रुसलेल्या विहिणीसारखं बोलत होतं.

सुरुवातीला लोक तक्रार करत. सिनेमाचं गाणं ऐन रंगात आलं की मधेच चाल नाहीशी होई आणि कोणीतरी एकटाच भलतंच वाजवू लागे. एका नवरदेवाच्या बापाने रस्त्यात बँड थांबवून विचारलं होतं, “मास्टर, गानं कुठं गेलं?”

“येते,” मास्टर म्हणाले होते. “जरा बाहेर गेलं हाय.”

त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा सुदाम. वय चाळिशीच्या पुढे, अनसिंगचा, एका शाळेत शिपाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि रविवारी बँड. मास्टर सरळ चालीने जात, सुदाम त्यांच्या डोक्यावरून पतंगासारखा फिरत असे. त्याच्या वाजवण्यात घाई नसे. घरी मात्र त्याचं वाजवणं हा न मिटलेला विषय होता. त्याचे वडील, आबा, छपन्न साली धम्म घेतलेल्यांपैकी. गावाने बोलावलं की जायचं आणि वाजवायचं, ही पिढ्यांची सक्ती त्यांनी त्या वर्षी संपवली. घरातली हलगी त्यांनी स्वतः फोडली होती. मुलगा पगार असताना लाल कोट घालून लोकांच्या दारात वाजवतो, हे त्यांना पटत नसे. सुदाम सांगे, की आपल्याला कोणी बोलावून नेत नाही, आपण आपल्या आवडीने जातो. आबा ऐकून घेत आणि काठी टेकत बाहेर निघून जात.

त्या मोसमात सुदामच्या मोठ्या मुलीचं, सुजाताचं, लग्न ठरलं. मे महिन्याचा शेवटचा रविवार. सुपारी फुटली त्या दिवशी सुजाताने बापाकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती मास्टरांच्या कानावर घालायला सुदाम गोदामात आला.

“पोरगी म्हनते, डिजे नको, काई नको. मास्टरबाबाची बारी पाहिजे. पूरी.”

मास्टरांनी कॉर्नेट पुसता पुसता मान डोलावली. “पूरी देईन. जबान.”

जबान देताना त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. ती मला ठाऊक होती, कारण दोन दिवसांपूर्वी दातांच्या डॉक्टरकडे त्यांना मीच घेऊन गेलो होतो. वरचा, समोरचा, डावीकडचा दात हलत होता. कॉर्नेट वाजवणाऱ्याचं सगळं बळ ओठात असतं, आणि ओठ ज्याच्यावर टेकतो तो हाच दात. डॉक्टर तरुण होता. त्याने चिमट्याने दात हलवून पाहिला आणि सांगितलं, की हिरडीत पू आहे, आजच काढून टाका.

“काढल्यावर वाजवता येईन?”

डॉक्टरने करंगळीने चष्मा वर केला. “वाजवणं सोडा आता, चाचा. वय झालं.”

मास्टर खुर्चीवरून उठले. जिना उतरताना मला म्हणाले, “दीड महिना लगनसराई हाय. मंग काढू दे त्याले काय काढायचं ते. बत्तीसच्या बत्तीस काढू दे.”

तो दीड महिना मी तारखांनी मोजला नाही. दातानेच मोजला. रोज सकाळी मास्टर जीभ लावून दात तपासत आणि आम्ही त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखत असू. तुरटीच्या गुळण्या, लवंगेच्या तेलाचा बोळा, बाभळीच्या सालीचा काढा. भाकर वरणात कुस्करून. लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी येई, बुंदी येई. मास्टर बुंदीचं ताट सुदामकडे सरकवत आणि नुसता भात खात. बातमी सुदामला चार दिवसांतच कळली. बँडमध्ये दात लपत नाही.

“मास्टर, आमच्यात मुहूर्त पाहत नाई,” तो म्हणाला. “पाहुन्यायले सांगून मी लगन अलीकडं घेतो. या रविवारीच लावू.”

“पागल झाला का? दात माहा हाय, लगन पोरीचं हाय. दोन्हीची गाठ कायले बांधतं?”

“तुमीच बांधली ना जबान देऊन.”

“मंग मीच संभाळतो.”

सांभाळणं म्हणजे न वाजवणं. त्या मोसमातल्या उरलेल्या लग्नांत मास्टर कॉर्नेट गळ्यात अडकवून बँडच्या बाजूने नुसते चालत. त्यांची बारी सुदाम घेई. ते फक्त हात करत. आवाज खाली, आवाज वर, आणि शेवटी डोक्यावर तळवा. माणसाने आपल्या मोसमातला श्वास असा एका दिवसासाठी साठवून ठेवलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. पंगतीला बसण्याआधी ते कॉर्नेटचं तोंड रुमालाने पुसत, जणू वाजवूनच आले आहेत.

सगळं हातावर आलं आणि त्यातूनच जऊळक्याचा घोटाळा झाला. बडा ढोल त्या वर्षी मास्टरांच्या पुतण्याकडे होता. हनीफ. तगडा, मेहनती, पण नवा. समोर जो दिसेल त्याच्याकडे पाहून वाजवायचा. जऊळक्याच्या वरातीत नवरदेवाचा मामा बँडकडे तोंड करून, उलट्या पावलांनी नाचत होता. डोक्यावर नवा कोरा फेटा, आणि तो दर मिनिटाला घसरे. मामाने फेटा दाबायला डोक्यावर हात ठेवला. हनीफने ढोलावर मुखड्याची थाप दिली. ढोल परत फिरला म्हणून सगळा बँड परत फिरला. पुन्हा फेटा घसरला, पुन्हा मुखडा. मास्टर बाजूने ओरडत होते. बँडच्या आवाजात ते कोणाला ऐकू येणार? शेवटी त्यांनी वैतागून स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि तो तसाच डोक्यावर ठेवून उभे राहिले. आता तर खुद्द मास्टरांचा हात होता. बाकी दहा जणांनी नियम पाळला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

गाणं संपेना. गाणं संपल्याशिवाय नाचणारे पुढे सरकेनात. वरात पिठाच्या गिरणीसमोर जी थांबली ती थांबलीच. गिरणीवाला गिरणी बंद करून, भुवयांवरचं पीठ पुसत बाहेर आला आणि ओट्यावर बसून पाहू लागला. घोडा लीद टाकून मोकळा झाला. मामाला वाटत होतं की आपल्या नाचावर खूश होऊन बँड पुन्हा पुन्हा तेच वाजवतो आहे. त्याने आणखी जोर केला. फेटा आणखी घसरला.

“मास्टर, हात खाली घ्या!” सुदाम क्लॅरिनेट काढून ओरडला. “बाप्पा, हात खाली! नाई तं लगनाच्या आधीच नवरदेवाचा पाळना इथं हालते!”

परतीच्या जीपमध्ये मागच्या बाकावर कोणाला तरी हसू फुटलं आणि सगळी जीप हलू लागली. मास्टर अंगठ्याने दात दाबून धरत कळवळत होते, “हसवू नका रे! दात जाईन! हनीफ, तू तं बोलूच नको!”

हनीफ बोलत नव्हताच. तो खिडकीबाहेर पाहत होता. उतरताना त्याने चाचांना एवढंच विचारलं, की यापुढे कोणाकडे पाहायचं. मास्टर म्हणाले, “माह्याकडं. दुनिया उलटली तरी माह्याकडं.”

त्या प्रकाराची मी बातमी केली होती. ‘बँड पथकाच्या गोंधळामुळे वरात रखडली’ अशा मथळ्याखाली ती आतल्या पानावर सात ओळींत आली. दुसऱ्या सकाळी मास्टरांनी ती माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. “सगळं खरं लिवलं तुमी,” ते म्हणाले. “खोटं काईच नाई. पन यात आमी नाई.” ते रागावले नव्हते. त्यांनी कात्रण घडी करून कॉर्नेटच्या पेटीत ठेवलं. मी त्यानंतर बरीच वर्षं बातम्या लिहिल्या. ते वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मेचा शेवटचा रविवार उजाडला तेव्हा दात जागेवर होता. मास्टरांनी तो मला जिन्यावर येऊन दाखवला, डॉक्टरला दाखवतात तसा ओठ वर करून. आदल्या दोन दिवसांत त्यांनी दूध आणि पातळ वरण यांशिवाय काही घेतलं नव्हतं. नवा पांढरा पायजमा. केसांना ताजी मेंदी.

अनसिंगला शाळेच्या पटांगणात मांडव होता. चार वाजता लग्न. मांडवाला निळ्या झालरी, आत दोन मोठे कुलर, त्यांतून वाळ्याचा ओला वास. पाणपोईवर रांग. मांडवाच्या दाराशी सुदाम उभा होता, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, व्याह्यांच्या स्वागतासाठी हातात हार. शेजारी खुर्चीवर आबा. क्लॅरिनेटची पेटी आबांच्या खुर्चीखाली होती. त्यांनीच ती तिथे ठेवून घेतली होती. नवरीचा बाप आज वाजवणार नाही, हे सुदामने त्यांना कबूल केलं होतं आणि ते योग्यही होतं. बँड त्या दिवशी दहा जणांचाच होता.

वरात पटांगणाच्या कोपऱ्यावर आली. मुखडा झाला. युफोनियमची, त्या जाड पितळी भोंग्याची, बारी झाली, दुसऱ्या कॉर्नेटची झाली. मग मास्टर दोन पावलं पुढे आले, करवंटी हनीफच्या ढोलावर ठेवली आणि कॉर्नेट ओठांना लावलं.

दीड महिना न वाजवलेला माणूस वाजवत होता. पहिले सूर इतके हळू होते की नाचणारे आपसूक थांबले. आवाज मोठा करण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. दोन सुरांमध्ये ते जागा सोडत, आणि त्या जागेत ढोलाचा ठेका दिसे. सुजाता नवरीच्या पांढऱ्या साडीत मांडवाच्या कनातीआडून बाहेर आली. मागून कोणीतरी तिला आत ओढत होतं आणि ती जात नव्हती. मास्टरांनी तिला पाहिलं. चाल वर निघाली, आणखी वर गेली, आणि शेवटच्या पायरीच्या आधी सूर तुटला. फुटलेल्या शिट्टीसारखी नुसती हवा आली.

मास्टरांनी कॉर्नेट खाली घेतलं. तोंडाला हात लावला. हात खाली आला तेव्हा मूठ मिटलेली होती आणि बोटांवर रक्त होतं.

सगळा बँड त्यांच्या हाताकडे पाहत होता. तो हात डोक्यावर गेला असता तर मुखडा आला असता, नाच सुरू झाला असता, वरात मांडवात गेली असती, आणि काही राहून गेलं हे व्याह्यांना कळलंही नसतं. मास्टर उभे राहिले. हात मांडीशीच राहिला. पोरीला पुरी बारी देतो म्हणून सांगितलं होतं आणि बारी अर्धी होती. हनीफ त्यांच्याकडेच पाहत होता. नवरदेवाकडचे दोघे-तिघे त्याला हाताने खुणावत होते, चला, पुढे चला. त्याने मान वळवली नाही. ठेका देत राहिला.

मांडवाच्या दारात सुदामच्या हातातला हार थांबला होता. मी त्याच्यापासून सहा-सात पावलांवर होतो. त्याने आबांकडे पाहिलं नाही, पेटीकडेही पाहिलं नाही. तो समोर पाहत उभा होता, आणि त्याचा उजवा पाय ठेक्यावर हलत होता.

आबांनी तो पाय पाहिला. काठीने खुर्चीखालची पेटी बाहेर ढकलली.

“बोलावल्यानं जाऊ नको,” ते म्हणाले. “तुह्या मनानं जात असशीन, तं जाय.”

सुदामने हार आबांच्या मांडीवर ठेवला. पेटी उघडली, तुकडे जोडले. ते पटांगण ओलांडायला त्याला जितका वेळ लागला, तेवढा वेळ ढोल एकटा वाजत होता. तो मास्टरांच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि चाल जिथे तुटली होती त्याच्या एक पायरी खालून त्याने धरली. वर पळाला नाही. पतंग नाही, काही नाही. मास्टर चालले असते तसा सरळ, शेवटच्या पायरीपर्यंत चालत गेला, आणि तिथे थांबला.

मास्टरांनी हात डोक्यावर ठेवला. मूठ तशीच मिटलेली. दात आत होता.

पुढचं नेहमीसारखं झालं. वंदना झाली, हार घातले, पंगत बसली. मास्टरांच्या तोंडात बोळा होता, त्यांनी भातसुद्धा खाल्ला नाही. पण बुंदी मागून घेतली आणि कागदात बांधून नेली. सुजाता पाया पडायला आली तेव्हा ते बोलू शकत नव्हते. सुदामकडे बोट दाखवून त्यांनी दोन बोटं जोडून दाखवली. अर्धी त्याची, अर्धी माझी, असं काहीसं. आबा लांब बसून हे पाहत होते.

मास्टरांनी त्यानंतर कॉर्नेट वाजवलं नाही. पुढे कवळी बसवली. ती जेवायला चांगली होती. काही मोसम ते हात करत बँडबरोबर चालले. मग बँड सुदामकडे आला. मास्टर गेले तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो. निवृत्तीनंतर वाशीमला परतलो. गोदामाच्या जागी आता गाळे आहेत, कडुलिंब राहिला आहे.

परवा बँडमागून मी चौकापर्यंत गेलो. मेंदीचे केस नाहीत, करवंटी नाही, ढोलावर हनीफच आहे, पोट सुटलेला. तो अजून समोरच्या माणसाच्या हाताकडेच पाहतो. मधल्या गाण्यात कॉर्नेटची बारी आली. चाल वर चढली, शेवटच्या पायरीच्या आधी थांबली, आणि मग नुसता ढोल. वरातीतल्या पोरांना ती जागा फार आवडते असं दिसलं. ते तिथेच सर्वांत जास्त नाचत होते. मग क्लॅरिनेट आलं, एक पायरी खालून, सरळ.

चौकात चहाला सगळे थांबले. कॉर्नेटवाला चाळिशीचा, दुसऱ्या बँडमधून याच मोसमात आलेला. बशीत चहा ओतता ओतता त्याने विचारलं, “सुदामकाका, मले बारी पूरी वाजवता येते. तुमी मले तिथं मधातच काहून थांबवता?”

“तिथं दात पडला होता,” सुदाम म्हणाला.

“कोनाचा?”

सुदामने कप खाली ठेवला. पुढे वरातीतलं कोणीतरी हाका मारत होतं. त्याने क्लॅरिनेट उचललं, सगळे उठून आपापल्या जागी गेले आहेत का ते पाहिलं, आणि डोक्यावर हात ठेवला.